नॉर्थविच
इंग्लंडच्या चेशर परगण्यात वीव्हर आणि डेन या नद्यांच्या संगमावरचे बाजारगाव. रोमन काळात इथे काँडाटे नावाची वस्ती होती. गाव मिठावर वाढले आणि मिठामुळेच खचले.

1670 मध्ये जवळच्या मार्बरीला कोळसा शोधताना सैंधवाचा थर लागला. खाणीत छताला टेकू म्हणून मिठाचेच खांब सोडत. पाणी शिरले की खाण सोडून देत. खरी हानी त्यानंतर झाली. बुडालेल्या खाणीतले खारे पाणी उपसून लोखंडी कढयांत आटवणे खोदाईपेक्षा स्वस्त पडे. मिठाने संपृक्त झालेले पाणी (ज्यात आणखी मीठ विरघळत नाही) खांबांना इजा करत नाही; पण ते उपसले की गोडे पाणी आत येते आणि खांब विरघळवते. डिसेंबर 1880 मध्ये मोठा भूभाग खाली गेला. कोणाच्या पंपाने कोणाचे घर पडले हे ठरवणे अशक्य, म्हणून 1891 च्या कायद्याने सर्वच उपसा करणाऱ्यांवर कर बसवून भरपाईची सोय केली.

गावातली काळी-पांढरी घरे मध्ययुगीन वाटतात, पण बरीचशी या खचण्यानंतरची आहेत. विटांची भिंत तडकते; लाकडी सांगाडा मात्र जॅक लावून अख्खा उचलता येतो. अलीकडे राख, सिमेंट आणि खाऱ्या पाण्याचा गारा ओतून जुन्या खाणी भरल्या. गोडे पाणी वापरले असते तर उरलेले खांबही गेले असते.

खारे पाणी, अमोनिया आणि चुनखडी यांपासून धुण्याचा सोडा बनवणारा ब्रुनर-माँड कारखाना 1873 मध्ये विनिंग्टनला निघाला. तिथेच 1933 मध्ये प्रचंड दाबाखालच्या एका प्रयोगात अनपेक्षितपणे पॉलिथीन हाती आले. 2006 मध्ये ही कंपनी मुंबईच्या टाटा केमिकल्सने घेतली. विनिंग्टनचे सोडा उत्पादन 2014 मध्ये थांबले.

नॉर्थविच व्हिक्टोरिया हा फुटबॉल क्लब 1874 चा. 1892 मध्ये फुटबॉल लीगचा दुसरा विभाग सुरू झाला तेव्हा तो संस्थापक संघांत होता, पण दोनच हंगाम टिकला. नामवंत फुटबॉलपटू बिली मेरेडिथ इथूनच मँचेस्टर सिटीला गेला. 1984 मध्ये क्लबने एफए ट्रॉफी ही लीगबाहेरच्या क्लबांची स्पर्धा जिंकली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळचे ड्रिल फील्ड मैदान 2002 मध्ये सुटल्यावर त्याला कायमचे घर उरले नाही, ही गावाची मोठी हानी. 2012 मध्ये काही चाहत्यांनी वेगळा क्लब काढला आणि नावात 1874 हे साल ठेवले. जुना शेजारी प्रतिस्पर्धी विटन अल्बियन विंचम पार्कवर खेळतो.