बिल्डिंग ऑटोमेशनसाठी आयटीआय प्रवेश : इंदूरच्या मुलांचे अर्ज अडतात कुठे

मोठ्या इमारतीतले वातानुकूलन, पंप, दिवे आणि आगीचे अलार्म एकाच संगणकावरून चालवण्याच्या कामात शिरायचे असेल, तर आयटीआयच्या यादीत ‘बिल्डिंग ऑटोमेशन’ हे नाव शोधण्यापेक्षा इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग यांपैकी एक ट्रेड निवडावा. तिन्ही २ वर्षांचे असून त्यांना विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण असणे आणि वयाची १४ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. माझे मत विचाराल तर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक घ्यावा, कारण सेन्सरकडून येणारा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल कळला की पुढे कंट्रोलर आणि बॅकनेट (इमारतीतली यंत्रे एकमेकांशी ज्या ठरावीक पद्धतीने संवाद साधतात ती) शिकणे सोपे जाते.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्यात अवघड काही नाही. अडचण होते ती समग्र आयडीपाशी, म्हणजे मध्य प्रदेश सरकार कुटुंबाला आणि त्यातल्या प्रत्येक सदस्याला देते त्या ओळख क्रमांकापाशी. कुटुंबाचा आयडी ८ अंकी आणि सदस्याचा ९ अंकी असतो, तरीही घाईत कुटुंबाचाच क्रमांक टाकणारे दरवर्षी भेटतात. आपल्या मराठी घरांत आणखी एक घोटाळा होतो. ‘काळे’चे ‘काले’ झाले म्हणून आईवडील हवालदिल होतात, पण हिंदीत ळ नाही हे कार्यालयालाही ठाऊक असते; खरा खोळंबा होतो तो आधारवर मधे वडिलांचे नाव असते आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नसते तेव्हा. ही दुरुस्ती निकालाआधीच करून घ्यावी, आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, तेही पाहावे, कारण ओटीपी बंद पडलेल्या जुन्या क्रमांकावर गेला तर समग्रचे ई-केवायसीही तिथेच थांबते.

महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांनी तिकडच्या जातीच्या दाखल्यावर येथे आरक्षण मिळेल असे धरून चालू नये. मध्य प्रदेशचा दाखला आणि मूळ निवासी प्रमाणपत्र लोकसेवा केंद्रातून मिळते. खिडकीवर ‘कल आइए’ ऐकून परतू नये. अर्ज देऊन पावती घ्यावी, कारण २०१० च्या लोकसेवा हमी कायद्याने ठरवलेली मुदत त्या पावतीवरूनच मोजली जाते.

नोंदणीची पावती हातात आली म्हणजे प्रवेश झाला, असे समजून बरेच जण निर्धास्त होतात. त्यानंतर संस्था आणि ट्रेडचे पर्याय भरून ते लॉक करावे लागतात. हे राहिले तर गुण कितीही असोत, वाटपाच्या यादीत नाव येत नाही. जागा मिळाल्यावर मूळ गुणपत्रिका आणि टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) घेऊन दिलेल्या तारखेच्या आत संस्थेत हजर व्हावे, आणि टीसी शाळेत अडकली असेल तर ती आजच मागावी.