घरात थायरॉईड आहे म्हणून टेस्टला येताय? केसांच्या गोळ्यांचं आधी सांगा

लॅबमध्ये रोज कोणीतरी विचारतंच, आईला थायरॉईड आहे, मावशीला पण आहे, आता मला होणार काय, पोरीचं पण करून घेऊ काय. काउंटरवर नीट सांगायला वेळ मिळत नाही, मागं लाईन असते, म्हणून हे लिहून ठेवलंय. घरी घेऊन जावा, सावकाश वाचा.

आईला आहे म्हणजे पोरीला होणारच असं नाही, पण धोका इतरांपेक्षा जास्त, हे खरं. बहुतेक वेळा आपलीच प्रतिकारशक्ती गळ्यातल्या ग्रंथीवर उलटते, त्यात थायरॉईड कमी होतो तो हाशिमोटो आणि वाढतो तो ग्रेव्हज, आणि दोन्ही बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. कुठल्या एका जीनमुळं हे होत नाही, एचएलए, सीटीएलए-४, पीटीपीएन-२२ अशी बरीच जीन्स थोडा थोडा हातभार लावतात. डेन्मार्कमध्ये जुळ्यांचा अभ्यास झालाय, हुबेहूब सारखी जुळी म्हणजे जीन्स पण सारखीच, तरी एकाला ग्रेव्हज असला तर दुसऱ्याला पण असण्याचं प्रमाण साधारण तिघांत एक एवढंच निघालं. म्हणून थायरॉईडसाठी महागडी जीन टेस्ट करू काय असं कोणी विचारलं तर आम्हीच नको म्हणतो. फक्त घरात मेड्युलरी नावाचा थायरॉईड कॅन्सर असेल तर गोष्ट वेगळी, तिथं रेट जीनची टेस्ट खरंच लागते, डॉक्टर स्वतः सांगतात. घरात कुणाला कोड किंवा लहानपणापासून इन्सुलिनवाली शुगर असेल तर तेही आम्हाला सांगा, हे आजार एकाच घरात दिसतात.

मग जीन्स असून एकाला होतो आणि दुसऱ्याला का नाही? बाळंतपण हे मोठं कारण, पहिल्या वर्षात थायरॉईड वरखाली होतो आणि घरचे म्हणतात बाळंतिणीला थकवा असतोच की. बिडी-सिगारेटनं ग्रेव्हजचा धोका वाढतो आणि डोळ्यांचा त्रास तर फारच वाढतो, तंबाखूच्या निपाणीकडच्या लोकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. हृदयाची अमिओडॅरोन आणि मानसिक आजाराची लिथियम ह्या गोळ्यांनी पण बिघडतो, पण त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आयोडीन कमी पडलं तरी त्रास, फार झालं तरी त्रास. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदरपणी २५०, तेवढं साध्या आयोडीनच्या मिठातून येतं, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून सगळं घर सैंधववर नेऊ नका.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. केस गळतात म्हणून बायका आणि हल्ली पोरं पण मेडिकलमधून केसांच्या गोळ्या नाहीतर गमी आणतात, त्यात बायोटिन असतं. शरीराला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि एकेका गोळीत ५,००० नाहीतर १०,००० मायक्रोग्रॅम. बऱ्याच लॅबच्या मशिनमध्ये टेस्टच बायोटिनच्या आधारानं होते, त्यामुळं रक्तात ते जास्त असलं की टीएसएच (मेंदूकडून ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) खोटी कमी आणि टी-३, टी-४ (ग्रंथीची स्वतःची हार्मोन्स) खोटे जास्त दिसतात. म्हणजे चांगल्या माणसाला ग्रेव्हज दिसतो, आणि ज्याची गोळी बरोबर चालू आहे त्याची डोस उगीच कमी होते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी औषध खात्यानं, २०१७ मध्ये ह्यावर इशारा दिलाय, हार्टच्या ट्रोपोनिन टेस्टमध्ये पण हाच घोळ होतो. आणि गंमत नाही, थायरॉईडमुळंच केस गळतात म्हणून माणूस गोळ्या घेतो आणि त्याच गोळ्यांनी थायरॉईडचा रिपोर्ट चुकतो. टेस्टच्या आधी निदान २ दिवस बंद ठेवा, मोठी डोस असेल तर ३ दिवस.

नाव लिहिताना आमच्या पोरी चार प्रश्न विचारतात त्याचा काहींना राग येतो, खानापूरहून पहाटेची बस धरून आलोय आणि चौकशी कसली म्हणतात. पण विचारलं नाही तर परत यावं लागतं तुम्हालाच. "औषध काय चालू?" म्हटलं की लोक "काही नाही" म्हणतात, केसांच्या गोळ्या औषधात धरतच नाहीत, म्हणून आम्ही वेगळं विचारतो. आकडा जुन्या रिपोर्टशी जुळला नाही तर रिपोर्ट थांबवून तुम्हाला फोन करतो, त्याला उशीर समजू नका.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर सॅम्पल देऊन मग घ्या. डोस बदलली की ६ ते ८ आठवड्यांनी या, पंधरा दिवसांत करून पैसे घालवू नका. घरात थायरॉईड आहे एवढ्यावरच आलात तर आम्ही आधी साधी टीएसएच करतो, जास्त आली तर डॉक्टरांना विचारून अँटी-टीपीओ, म्हणजे प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलीय काय हे बघायची टेस्ट, आणि ती एकदा पॉझिटिव्ह आली की दर वेळी परत लागत नाही. पाळी चुकली आणि घरात थायरॉईड असेल तर मात्र वाट बघू नका, सुरुवातीला बाळ आईच्याच हार्मोनवर असतं.

कोल्हापूर, मिरज, गोवा, कुठं का केलेला असेना, जुना रिपोर्ट घेऊन या, मशिन बदललं की रेंज बदलते, जुळवून सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. म्हाताऱ्या माणसांचं आणि बाळंतिणींचं सॅम्पल घरी येऊन घेतो, आदल्या दिवशी संध्याकाळी कळवलं की झालं, आणि कळवताना केसांच्या गोळ्यांचं पण सांगा.