माळ्याची हवा आणि 1:300 चा आकडा

जुन्या कौलारू घरांत माळ्याला हवा लागते का, हा प्रश्नच नव्हता. मंगळूरला 1865 साली यंत्रावर कौले पाडायला सुरुवात झाली आणि पुढे नळीची कौले मागे पडली. सांधे मात्र दोन्हींचे मोकळेच. चुलीचा धूर त्यांतूनच बाहेर जायचा, वासे-रिपा कोरड्या राहायच्या, कीडही कमी लागायची.

बिघडले ते नंतर. गळतीला आणि दरवर्षीच्या शाकारणीला कंटाळून कोल्हापुरातल्या पेठांमध्ये कौले उतरली, पत्रे चढले. खाली पीओपीचे सिलिंग आले, चुलीच्या जागी गॅस आला. जिथे कौले टिकली तिथे गळतीवर उपाय म्हणून खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला गेला. हवा कोंडली ती इथे.

आता झरोके किती ठेवायचे असे विचारले की 1:300 सांगतात, म्हणजे माळ्याच्या 300 चौरस फुटांना 1 चौरस फूट. हा आकडा 1942 साली अमेरिकेत सरकारी हमीच्या गृहकर्जाच्या बांधकाम-अटींत आला. त्यामागचे प्रयोग थोडे होते आणि काळजी होती ती कडाक्याच्या थंडीत छपराच्या आतून धरणाऱ्या दवाची. तिथल्या आजच्या नियमांतही मूळ प्रमाण 1:150 आहे. 1:300 ही अटींवर मिळणारी सवलत. आपल्याकडे सवलतच नियम होऊन बसली, हे चुकीचे आहे. इथला त्रास एप्रिलमधल्या तापलेल्या पत्र्याचा आणि जुलैत भिजलेल्या लाकडाचा.

दुसरी गफलत मोजण्यात होते. प्रमाण धरायचे ते हवा खरोखर जाते तेवढ्या मोकळ्या जागेचे, चौकटीचे नव्हे. जाळी आणि पट्ट्या मिळून साधारण निम्मी जागा खातात. 600 चौरस फुटांच्या माळ्याला 1:150 ने 4 चौरस फूट मोकळी जागा हवी, म्हणजे झरोके मोजून 8 चौरस फुटांचे. त्यातले निम्मे किंवा थोडे जास्त खाली वळचणीला, बाकीचे आढ्याजवळ.

टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे छपरावर वाऱ्याने फिरणारा आणि आतली हवा ओढणारा गोळा, आल्यापासून खालचा अर्धा भाग विसरला जातो. वळचण बंद असेल तर तो फिरतो खरा, पण सिलिंगच्या फटींतून खोलीतलीच हवा ओढतो. शिवाय पत्र्याची धग बरीचशी थेट खाली फेकली जाते, ती नुसत्या हवेने अडत नाही. त्यासाठी पत्र्याखाली चकचकीत फॉइल लागते, आणि पत्रा व फॉइलमध्ये किमान इंचभर पोकळी.

पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून भिंतीतला वरचा झरोका पूर्वेकडे काढावा. पश्चिमेला काढायचाच तर पट्ट्या बाहेर उतरत्या ठेवाव्यात आणि वर फूटभर छज्जा द्यावा. उंदीर-वटवाघळांसाठी 6 मिलिमीटरची जाळी पुरते. डासांची बारीक जाळी धुळीने लवकर बुजते आणि माळ्यावर चढून ती कोणी झाडत नाही.