'डावीकडे वळ' म्हणजे नक्की काय?

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर पत्रकं लागतात: सहाव्या वर्षी कोडिंग, आठव्या वर्षी स्वतःचं ॲप, शिवाय मेंदूचा विकास. यातला मेंदूचा विकास डोळे बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणाऱ्या 'मिडब्रेन' क्लासच्या शेजारीच ठेवावा. सहा वर्षांच्या मुलाला कोडिंगच्या कल्पना मात्र खरंच समजतात, आणि त्याला लॅपटॉप नाही, खडू लागतो.

ऊन उतरल्यावर गच्चीवर 5 बाय 5 चौकोन आखा, प्रत्येक दीड फुटाचा. पुठ्ठ्याची कार्डं कापा: 10 'पुढे', 4 'डावीकडे', 4 'उजवीकडे', 1 'पुन्हा' (म्हणजे मांडलेली कार्डं पहिल्यापासून परत). एक मूल रोबो, दुसरं कार्डं मांडणार. चेंडूपर्यंत पोचायचं, पण चेंडू कोणत्या चौकोनात ते रोबोला सांगायचं नाही. नाहीतर तो कार्ड सोडून मनानेच चालू लागतो.

पहिल्या चौकोनातून पाचव्यात जायला मुलं हमखास 5 'पुढे' लावतात आणि रोबो आखणीबाहेर पडतो. रोबो उभा असलेला चौकोनही मोजला गेला. रांगोळीच्या ओळीत ठिपके 5, मधल्या जागा 4. मुरलेले प्रोग्रामरही इथे घसरतात.

खरी मजा वळणात आहे. रिक्षावाल्याला 'डावीकडे घ्या' म्हटलं की रिक्षा वळते आणि पुढेही जाते. मूल कार्डाचाही तोच अर्थ लावतं. इथे चौकोन तोच राहतो, फक्त तोंड फिरतं. म्हणजे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या: कुठे आहे आणि तोंड कुठे. त्यात रोबो समोरून येत असला की मांडणारा स्वतःची डावी बाजू धरतो. त्याला रोबोच्या मागे उभं करा.

आता कोपऱ्यातून 'पुढे, पुढे, उजवीकडे' हे चारदा करा. तिसऱ्या वळणानंतर दोन पावलं टाकली की रोबो घरी पोचतो, मग चौथं वळण कशाला? ते गाळून 'पुन्हा' लावून बघा: दुसऱ्या फेरीत तो थेट आखणीबाहेर जातो, कारण जागा जुनी पण तोंड भलतीकडे. चार काटकोन मिळून 360 अंश झाले की तोंडही मूळ दिशेला येतं. म्हणूनच समभुज त्रिकोणाला 60 नाही, 120 अंश वळावं लागतं. रोबो बाहेरच्या कोनातून वळतो. (हे थोड्या मोठ्यांसाठी. 1967 मध्ये आलेल्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं, आज्ञेनुसार रेघ ओढत फिरणारं कासव याच हिशोबावर चालतं.)

चुकलं की मुलं सगळी कार्डं गोळा करतात. करू देऊ नका. पहिल्यापासून एकेक कार्ड चालवा, जिथे पहिल्यांदा बिनसलं त्यावर खडा ठेवा आणि तेवढंच बदला.

पुढे स्क्रॅच ज्युनिअर, म्हणजे चित्रांचे ठोकळे जोडून पात्राला आज्ञा द्यायचं ॲप: 5 ते 7 वर्षांसाठी, फुकट, वाचता येत नसलं तरी चालतं. तिथे वळणाच्या ठोकळ्यावर 12 म्हणजे पूर्ण फेरी, काटकोनाला 3. पण बाणाचे ठोकळे पात्राचं तोंड बघत नाहीत: मांजर उलटी केली तरी उजवा बाण तिला पडद्याच्या उजवीकडेच नेतो. गच्चीवर वळणं शिकलेलं मूल इथे हटकून अडतं, आणि त्याचं बरोबरच असतं.