एनबीएसाठी अर्ज करायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अटेनमेंटचं काम
पहिली गोष्ट, एनबीए म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनची मान्यता अख्ख्या कॉलेजला नाही तर एकेका प्रोग्रामला मिळते, मेकॅनिकलला मिळाली म्हणून सिव्हिलला आपोआप मिळत नाही.

पात्रता साधी आहे, त्या प्रोग्रामच्या किमान २ बॅच पास होऊन बाहेर पडलेल्या हव्यात. मग ई-एनबीए पोर्टलवर रजिस्ट्रेशन, प्री-क्वालिफायर म्हणजे प्राथमिक पात्रतेची माहिती, ते पास झालं की सेल्फ असेसमेंट रिपोर्ट म्हणजे एसएआर, आणि शेवटी एक्स्पर्ट टीमची व्हिजिट. मान्यता ६ किंवा ३ वर्षांची मिळते, किंवा मिळतच नाही.

एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मंजुरीपत्रं, युनिव्हर्सिटीची संलग्नता, शिक्षकांची यादी आणि नेमणूकपत्रं, ऑडिट झालेले हिशोब हे ऑफिसमध्ये असतंच, ते गोळा करायला फार त्रास नाही. खरी धावपळ होते ती कोर्स फाइल्सची, म्हणजे एकेका विषयाच्या प्रश्नपत्रिका, मार्क आणि नोंदींच्या फाइल्सची.

प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक प्रश्न कुठल्या कोर्स आउटकमचा (त्या विषयातून मुलांना काय यायला हवं, त्यातला एक मुद्दा) आहे ते लिहिलेलं हवं आणि मार्कही प्रश्नवार नोंदवलेले हवेत, कारण नुसत्या टोटलवरून मुलं कुठे अडली ते कळतच नाही. समजा तुम्ही टार्गेट ठेवलं की ६० टक्के मुलांनी त्या आउटकमच्या प्रश्नांत ६० टक्क्यांच्या वर मार्क घ्यावेत, आणि ६० पैकी २७ जणांनाच जमलं, म्हणजे ४५ टक्के. टार्गेट किती गाठलं हे असं मोजणं म्हणजेच अटेनमेंट. आता पुढचं महत्त्वाचं, हा आकडा बघून तुम्ही काय केलं? ट्युटोरियल वाढवलं, प्रॅक्टिकलचा क्रम बदलला की आधीच्या सेमिस्टरच्या गणितातच कच्चेपणा निघाला? मीटिंगचे मिनिट्स, ॲक्शन टेकन रिपोर्ट आणि पुढच्या वर्षीचा आकडा, हे तिन्ही एकत्र दाखवता आलं पाहिजे. टार्गेट गाठलं असेल तर तेही वाढवा, दरवर्षी तेच ठेवून उपयोग नाही. सोबत शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांचा एक्झिट सर्व्हे, माजी विद्यार्थी आणि कंपन्यांचा फीडबॅकही लागतो, पण जास्त वजन परीक्षेच्या मार्कांनाच द्या.

आणि प्लीज, व्हिजिट जवळ आली म्हणून मागच्या तारखा टाकून मिनिट्स लिहू नका. ते खोटं तर आहेच, शिवाय त्या बॅचच्या मुलांचं जे नुकसान झालं ते काही भरून येत नाही. टीम विद्यार्थ्यांशी, पालकांशी, माजी विद्यार्थ्यांशी वेगळं बोलते, त्यामुळे सर्व्हेत मुलांनी जे मागितलं त्यातलं काय केलं आणि काय जमलं नाही, हे त्याच सेमिस्टरमध्ये वर्गात जाऊन सांगा आणि त्याचीही नोंद ठेवा.