न खेळायच्या वर्षांचे करार

नोव्हेंबर २०१५ मध्ये टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये क्रिस प्राँगर या कॅनेडियन बचावपटूचा समारंभपूर्वक समावेश झाला, तेव्हा त्याची अवस्था मोठी चमत्कारिक होती. शेवटचा सामना खेळून त्याला चार वर्षे होत आली होती. ज्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, त्याची सारी कारकीर्द गेली, त्याच लीगच्या खेळाडू-सुरक्षा विभागात तो नोकरी करत होता. आणि तरीही कागदोपत्री तो अ‍ॅरिझोना कायोटीज संघाचा करारबद्ध खेळाडू होता. या संघाकडून तो एकही सामना खेळला नव्हता, पुढे खेळण्याचा प्रश्नही नव्हता. ही हॉकी आपल्या ओळखीची मैदानावरची नव्हे, बर्फावरची. आणि वय झालेल्या, जायबंदी खेळाडूंचे लांबलचक करार ही त्या खेळातली इतकी रुळलेली गोष्ट आहे की प्राँगरच्या या तिहेरी भूमिकेचे तिथे नवल वाटले तरी धक्का कोणाला बसला नाही.

जुन्या काळी प्रश्न नेमका उलटा होता. १२ डिसेंबर १९३३ रोजी बॉस्टनमधल्या सामन्यात एडी शोरने मागून दिलेल्या धडकेने टोरंटोच्या एस बेलीचे डोके बर्फावर आपटले आणि कवटी फुटली. तो वाचला, पण पुन्हा खेळू शकला नाही. त्याच्यासाठी पैसा उभा करायला फेब्रुवारी १९३४ मध्ये टोरंटोत मदतीचा सामना भरवावा लागला, यावरूनच त्या काळच्या खेळाडूच्या पाठीशी कराराचे बळ किती होते ते कळते. बहुतेकांचे करार वर्षावर्षाचे असत. संघाला खेळाडू बांधलेला असे, संघ मात्र खेळाडूला बांधलेला नसे. पन्नाशीच्या दशकात टेड लिंडसेने संघटना बांधण्याचा केलेला प्रयत्न मालकांनी मोडून काढला आणि टिकणारी खेळाडू-संघटना उभी राहायला १९६७ साल उजाडले.

लांब मुदतीचा करार आला तो स्पर्धेमुळे. १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग निघाली आणि तिच्या विनिपेग जेट्स संघाने शिकागोच्या बॉबी हलला १० वर्षांचा, २७ लाख ५० हजार डॉलरचा करार देऊन फोडले; त्यातले १० लाख डॉलर आगाऊ होते. हलचे वय तेव्हा ३३ होते. बर्फावरच्या हॉकीत तिशी ओलांडली की उतार लागतो, हे विनिपेगला ठाऊक नव्हते असे नाही. पण विकत घ्यायचे होते ते नाव, आणि नावाला वय नसते.

याच दशकातले दुसरे उदाहरण बॉबी ऑरचे, आणि पुढे जे घडले त्याच्या शेजारी ते ठेवून पाहण्यासारखे आहे. जून १९७६ मध्ये ऑर बॉस्टन सोडून शिकागोला गेला, ५ वर्षांच्या, सुमारे ३० लाख डॉलरच्या करारावर. त्याचा डावा गुडघा तोवर शस्त्रक्रियांनी जर्जर झाला होता. शिकागोसाठी तो जेमतेम २६ सामने खेळला, मधला एक अख्खा हंगाम बाहेर बसला आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवृत्त झाला. आपण खेळण्याचे पैसे घेतो, तेव्हा खेळलो नाही तर पगारही नको, या भूमिकेतून त्याने शिकागोचे धनादेश वटवले नाहीत. बॉस्टनने त्याला संघाच्या मालकीतला मोठा हिस्सा देऊ केला होता, ही गोष्ट त्याचा एजंट अ‍ॅलन ईगलसनने त्याच्यापर्यंत पोहोचूच दिली नाही, हेही नंतर उघड झाले. हाच ईगलसन खेळाडू-संघटनेचा प्रमुखही होता. १९९८ मध्ये त्याने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले.

आज ज्याला आपण या करारांचा प्रश्न म्हणतो, तो मात्र २००५ मध्ये जन्मला. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत वाया गेला. टाळेबंदी हा शब्द गिरणगावाच्या आठवणीने मराठी कानाला वेगळा लागतो, पण इथेही शब्दाचा अर्थ तोच: मालकांनी दारे बंद केली. ती उघडली तेव्हा खेळाडूंनी चालू करारांत २४ टक्के कपात आणि प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कडक मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, मान्य केलेली होती. पहिल्या हंगामासाठी ही मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर होती.

या मर्यादेचा हिशेब कसा होई, यात सगळी मेख आहे. खेळाडूला त्या वर्षी प्रत्यक्ष किती पैसे मिळाले हे मर्यादेत धरले जात नसे. कराराच्या एकूण रकमेला वर्षांनी भागून येणारी सरासरी धरली जाई. म्हणजे भाजक वाढवला की आकडा आपोआप खाली. मारियान होसाशी शिकागोने २००९ मध्ये केलेला करार पाहावा. वय ३०, मुदत १२ वर्षे. पहिली ७ वर्षे दरसाल ७९ लाख डॉलर, आठव्या वर्षी ४० लाख आणि शेवटची ४ वर्षे फक्त १० लाख. एकूण ६ कोटी ३३ लाख, सरासरी ५२ लाख ७५ हजार. ऐन भरातला खेळाडू दरसाल ७९ लाख घेत असताना शिकागोच्या वहीत त्याच्या नावे पावणेत्रेपन्न लाखांचाच खर्च पडत होता, आणि उरलेल्या जागेत आणखी एक चांगला खेळाडू बसत होता. शेपटाकडची ती चार स्वस्त वर्षे तो खेळेल असे कोणी गृहीत धरले नव्हते. ती खेळण्यासाठी लिहिलेलीच नव्हती.

अशा पळवाटा निघतील हे लीगला अगदीच सुचले नव्हते असे नाही. पस्तिशी गाठलेल्या खेळाडूचा अनेक वर्षांचा करार असेल, तर तो निवृत्त झाला तरी त्याचा आकडा संघाच्या मर्यादेत मोजला जाईल, असा नियम २००५ पासूनच होता. प्राँगर नेमका त्यात सापडला. जुलै २००९ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सने त्याच्याशी ७ वर्षांचा, ३ कोटी ४४ लाख ५० हजार डॉलरचा वाढीव करार केला, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. पण नवा करार पुढच्या हंगामापासून सुरू व्हायचा होता आणि ऑक्टोबरात त्याला पस्तिसावे लागत होते. शेवटच्या दोन वर्षांचा सव्वापाच-सव्वापाच लाखांचा पगार, जो केवळ सरासरी खाली आणण्यासाठी जोडला होता, तोच आता गळ्यात आला. प्राँगर निवृत्त झाला तरी दरसाल सुमारे ४९ लाख डॉलरची जागा अडून राहणार होती. एका वाढदिवसाने सगळी बेरीज बिघडवली.

कडेलोट झाला तो २०१० च्या उन्हाळ्यात. न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकला १७ वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. त्यातले साडेनऊ कोटी पहिल्या १० वर्षांत आणि शेवटची ५ वर्षे दरसाल साडेपाच लाख. करार संपताना तो ४४ वर्षांचा झाला असता. लीगने करार फेटाळला आणि लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी ऑगस्टमध्ये लीगचा निर्णय उचलून धरला. पुढे १५ वर्षांचा, १० कोटींचा सुधारित करार मंजूर झाला आणि संघाला दंड बसला. खुद्द कोवालचुक २०१३ मध्येच निवृत्ती जाहीर करून रशियात खेळायला निघून गेला, ७ कोटींहून अधिक डॉलर मागे सोडून.

इथपर्यंतची गोष्ट वयाची आहे. दुखापत तिच्यात शिरते ती वेगळ्या दाराने. खेळाडू दीर्घकाळ जायबंदी असेल, म्हणजे किमान १० सामने आणि २४ दिवस बाहेर राहणार असेल, तर त्याला खास यादीत टाकून संघाला त्याच्या आकड्याइतकी मर्यादा ओलांडता येते. नियम मुळात न्याय्य आहे. जायबंदी माणसाचा पगार थांबू नये आणि संघाचेही अडू नये. मात्र यामुळे एक विलक्षण तफावत तयार झाली. थकलेला खेळाडू निवृत्त झाला तर संघाचे नुकसान. तोच ‘जायबंदी’ राहिला तर संघाची सुटका, आणि खेळाडूचा पगारही चालू.

२४ ऑक्टोबर २०११ रोजी टोरंटोच्या मिखाइल ग्राबोव्स्कीच्या स्टिकचे पाते प्राँगरच्या डोळ्यावर बसले. दोन्ही हात तोंडावर घेऊन, ओरडत तो बर्फावरून बाहेर गेला. काही सामन्यांसाठी तो परतला, पण १९ नोव्हेंबरनंतर पुन्हा कधीच खेळला नाही. डोळा आणि मेंदूला बसलेला हादरा, दोन्हींनी त्याला घरी बसवले. त्याची दुखापत खोटी होती असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ती खरी असूनही त्याला ‘निवृत्त’ हा शब्द उच्चारता येत नव्हता, कारण तो उच्चारताच फिलाडेल्फियाचे ४९ लाख अडकले असते. बॉस्टनच्या मार्क सावर्डचे तेच झाले. डिसेंबर २००९ मध्ये त्याने ७ वर्षांचा करार केला, मार्च २०१० मध्ये मॅट कुकच्या धडकेने त्याचा मेंदू हादरला, जानेवारी २०११ नंतर तो खेळला नाही, आणि तरी त्याचा करार आधी फ्लोरिडाला, मग न्यू जर्सीला गेला.

मालकांनी २०१२-१३ मध्ये पुन्हा टाळेबंदी केली, ती बऱ्याच अंशी स्वतःच लिहिलेल्या करारांपासून स्वतःला वाचवण्यासाठी. मिनेसोटा वाइल्डचे मालक क्रेग लिपोल्ड यांनी जुलै २०१२ मध्ये झॅक पारीझे आणि रायन सुटर यांना प्रत्येकी १३ वर्षांचे, ९ कोटी ८० लाखांचे करार दिले आणि त्यानंतर काही महिन्यांतच ते मुदतीवर बंधन मागणाऱ्या मालकांच्या बाजूने वाटाघाटींना बसले. जानेवारी २०१३ च्या समझोत्यात मुदत स्वतःच्या खेळाडूसाठी ८ आणि बाहेरच्यासाठी ७ वर्षांवर आली, दरवर्षीच्या पगारातल्या चढउताराला वेसण बसली आणि जुन्या लांब करारांवरचा खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाल्यास संघाने आधी वाचवलेली जागा परत मोजून घेण्याचा दंडही आला. हा दंड पूर्वलक्षी होता, आणि माझ्या मते तिथेच घोळ झाला.

कारण त्याने प्रामाणिकपणाच महाग केला. गोलरक्षक रॉबेर्टो लुओंगोचा व्हॅन्कूव्हरशी २००९ चा १२ वर्षांचा करार होता; २०१४ मध्ये तो फ्लोरिडाला गेला. कंबरेच्या दुखण्याने गांजलेल्या लुओंगोने जून २०१९ मध्ये सरळ निवृत्ती जाहीर केली, आणि पाच वर्षांपूर्वी त्याला सोडून दिलेल्या व्हॅन्कूव्हरच्या मर्यादेतून सलग तीन हंगाम दरसाल ३० लाखांहून अधिक डॉलर कापले गेले. उलट होसा २०१७ मध्ये त्वचारोगावरच्या औषधांच्या दुष्परिणामांमुळे थांबला, तो नेमका १० लाखांची वर्षे सुरू झाली तेव्हा. आजार खरा, पण मुहूर्तही साधलेला, असे पुष्कळांना वाटले. तो निवृत्त झाला नाही. त्याचा करार २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनाला गेला.

अ‍ॅरिझोनाच का? कारण मर्यादेला तळही होता. किमान अमुक इतका पगार दाखवलाच पाहिजे, असे बंधन असल्याने कंजूष किंवा कंगाल संघाला असा करार वरदान ठरे: वहीत ४९ लाख, खिशातून त्याच्या काही अंशच. रशियाला परतलेल्या पावेल डात्सुकचा ७५ लाखांचा आकडाही याच वाळवंटात येऊन थांबला. २०२१ नंतर न खेळलेल्या शे वेबरचा, फिलाडेल्फियाच्या देकाराची बरोबरी करून नॅशव्हिलने २०१२ मध्ये मान्य केलेला १४ वर्षांचा करार मॉन्ट्रियल, लास व्हेगास असा फिरत २०२३ मध्ये तिथेच पोहोचला.

सर्वांत उघडावाघडा सौदा फेब्रुवारी २०१५ चा. कोलंबसच्या नेथन हॉर्टनची पाठ कायमची निकामी झाली होती, आणि त्याच्या ७ वर्षांच्या कराराचा विमा उतरवलेला नव्हता. विमा असता तर पगाराचा मोठा भाग कंपनीने भरला असता; नसल्याने सगळा भार खिशावर. टोरंटोकडे होता डेव्हिड क्लार्कसन, धडधाकट, पण ७ वर्षांच्या कराराला न जागलेला. दोघांची अदलाबदल झाली. टोरंटोने कधीच खेळू न शकणारा माणूस मुद्दाम घेतला, कारण तो यादीत टाकता येत होता. पुढे क्लार्कसनही जायबंदी झाला, लास व्हेगासला गेला, आणि २०१९ मध्ये टोरंटोने त्यालाही परत आणले. एकमेकांच्या बदल्यात गेलेले हे दोघे २०१९-२० मध्ये एकाच संघाच्या एकाच यादीत होते.

२०२५ च्या उन्हाळ्यात लीग आणि खेळाडू-संघटना यांच्यात ठरलेल्या नव्या समझोत्यात कमाल मुदत ७ आणि ६ वर्षांवर आली आहे. बाद फेरीत मर्यादा लागू नसल्याचा फायदा घेऊन जायबंदी खेळाडू ऐनवेळी परत आणण्याची वाटही आवळली गेली आहे. जुन्या पिढीतले करार एकेक करून संपत आहेत. वेबरचा २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा होता. न्यू यॉर्क आयलंडर्सने २००६ मध्ये गोलरक्षक रिक डिपिएट्रोला दिलेला १५ वर्षांचा करार मात्र वेगळ्या रूपाने अजून चालू आहे. तो तेव्हा २४ वर्षांचा होता. म्हातारा नव्हता, पण गुडघा आणि कंबर यांनी दगा दिला आणि शेवटच्या ५ हंगामांत मिळून तो ५० सामने खेळला. २०१३ मध्ये संघाने उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश देऊन त्याला मोकळे केले. ती रक्कम १६ हप्त्यांत विभागली आहे, आणि दरसाल १५ लाख डॉलरप्रमाणे ती २०२९ पर्यंत त्याला पोहोचत राहील.