कॅनन, मार्था ह्यूज

(१ जुलै १८५७–१० जुलै १९३२). युटा राज्यातील मॉर्मन (ख्रिस्ती परंपरेतून निघालेला, तेव्हा बहुपत्नीत्व मानणारा आणि युटात केंद्र असलेला अमेरिकी पंथ) डॉक्टर, स्त्री-मताधिकाराच्या पुरस्कर्त्या आणि अमेरिकेतील कोणत्याही राज्याच्या सिनेटवर (राज्य विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहावर) निवडून आलेल्या पहिल्या स्त्री.

त्यांचा जन्म वेल्समध्ये लॅन्डिड्नोजवळ झाला. वडील पीटर ह्यूज हे सुतार, आई एलिझाबेथ इव्हान्स. दोघांनी मॉर्मन पंथ स्वीकारला होता. १८६० मध्ये तीन मुलींना घेऊन ते न्यूयॉर्कला आले आणि पुढच्याच वर्षी युटाकडे निघाले. मिसुरी नदीकाठच्या फ्लॉरेन्सपासून सॉल्ट लेक सिटीपर्यंतची वाट सुमारे १,६५० किमी. बैलांच्या गाड्या दिवसाला १५ ते २५ किमी जात. गाडीत पीठ, अंथरुणे आणि अवजारे भरली की माणसांना जागा उरत नसे, म्हणून धडधाकट माणसे सारी वाट पायीच तुडवीत. धाकटी बहीण ॲनी वाटेतच दगावली आणि माळावर पुरली गेली. आजारी वडील कसेबसे पोचले, पण तीन दिवसांतच वारले. युटात १० मे १८६९ला आंतरखंडीय रेल्वे जोडली जाण्यापूर्वी आलेल्यांनाच ‘पायोनियर’ मानतात. या व्याख्येनुसार मार्था स्वतःच पायोनियर ठरतात.

आईने पुढे जेम्स पॉल या विधुर सुताराशी लग्न केले. सावत्र वडिलांनी मुलीच्या शिक्षणाला पाठबळ दिले. मार्थांनी चौदाव्या वर्षी शिक्षिका म्हणून काम केले, मग छापखान्यात अक्षरांचे धातूचे खिळे जुळवण्याची नोकरी धरली. ‘डेझरेट न्यूज’ आणि ‘वूमन्स एक्स्पोनंट’ या पत्रांसाठी त्या जुळणी करीत. एकेक खिळा पेटीच्या खणातून उचलून उलट्या अक्षरांची ओळ हातातल्या पट्टीत बसवायची, हे काम चुकारपणाला अजिबात वाव देत नाही. वस्तीत आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतला मजकूरही त्या जुळवीत. वैद्यकीय शिक्षणासाठी लागणारा पैसा त्यांनी याच मजुरीतून साठवला.

१८७८ मध्ये डेझरेट विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. मिशिगन विद्यापीठात शिकताना वसतिगृहातली भांडी घासून आणि अंथरुणे घालून खर्च भागवला आणि १ जुलै १८८० रोजी, तेविसाव्या वाढदिवशी, एम.डी. मिळवली. त्यानंतर फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पुढचे शिक्षण घेतले. तिथल्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. सोबत वक्तृत्वाचीही पदवी घेतली, कारण आरोग्याविषयी सभांतून बोलायचे होते. (आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये याच शहरात शिकायला आल्या, पण वेगळ्या महाविद्यालयात, तोवर मार्था युटाला परतल्या होत्या.)

डेझरेट रुग्णालयात निवासी डॉक्टर असताना, ६ ऑक्टोबर १८८४ रोजी, त्या अँगस कॅनन यांच्या चौथ्या पत्नी झाल्या. बहुपत्नीत्वाविरुद्धचा कायदा तेव्हा कडकपणे लागू होत होता आणि अँगस यांनाही शिक्षा झाली. मार्थांची अडचण दुहेरी होती. स्वतःचा विवाह होताच. शिवाय अशा कुटुंबांतली बाळंतपणे त्यांनीच केलेली, त्यामुळे साक्षीला बोलावले असते तर कितीतरी बापांना तुरुंगात जावे लागले असते. म्हणून १८८६ मध्ये तान्ह्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि जवळजवळ दोन वर्षे अज्ञातवासात राहिल्या. परतल्यावर त्यांनी परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले.

युटातील स्त्रियांना १८७० मध्ये मिळालेला मताधिकार १८८७ मध्ये केंद्राच्या कायद्याने काढून घेतला गेला. १८९६ मध्ये राज्याचा दर्जा मिळताना तो परत मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅननबाई डेमोक्रॅटिक पक्षाकडून सिनेटवर निवडून आल्या. रिपब्लिकन उमेदवारांत अँगस होते, त्यामुळे ‘बायकोने नवऱ्याला हरवले’ ही कथा आजही मिटक्या मारत सांगितली जाते. प्रत्यक्षात ही समोरासमोरची लढत नव्हती. एका मतदारसंघात पाच जागा होत्या, दोन्ही पक्षांचे पाच-पाच उमेदवार होते आणि पाचही जागा डेमोक्रॅटांनी जिंकल्या. त्या वर्षी चांदीच्या चलनाच्या प्रश्नावर खाणींचे युटा चांदीच्या बाजूने असलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम ब्रायन यांच्यामागे उभे होते. घरातल्या स्पर्धेपेक्षा या लाटेचा वाटा मोठा मानावा लागेल. मताधिकार चळवळीतल्या ज्येष्ठ एमेलिन वेल्स याही याच निवडणुकीत रिपब्लिकन म्हणून पडल्या.

सिनेटमधले त्यांचे काम अधिक टिकाऊ ठरले. राज्याचे आरोग्य मंडळ, मूकबधिर व अंध मुलांचे सक्तीचे शिक्षण, आणि दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना गिऱ्हाईक नसताना टेकायला स्टूल किंवा खुर्ची देण्याचा नियम ही त्यांची विधेयके होती. १८९८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या समितीपुढे मताधिकाराची बाजू मांडली. १८९९ मध्ये तिसरे अपत्य झाले. मॉर्मन चर्चने १८९०मध्येच नव्या बहुपत्नी विवाहांना मनाई केली होती आणि जुन्या अशा विवाहातला सहवासही कायद्याने गुन्हा होता, त्यामुळे हा जन्म त्या सहवासाचा उघड पुरावा ठरला. अँगस यांना दंड झाला आणि मार्थांची राजकीय वाटचाल तिथेच थांबली. पुढे त्या कॅलिफोर्नियात राहिल्या. लॉस अँजेलिस येथे त्यांचे निधन झाले.

अमेरिकी संसदेतील युटाच्या दोन पुतळ्यांपैकी दूरचित्रवाणीचे संशोधक फायलो फार्न्सवर्थ यांच्या जागी २०२४ मध्ये त्यांचा पुतळा आला. चरित्रकारांचे काम मात्र अवघड आहे. त्यांच्याच इच्छेवरून मुलाने रोजनिशा जाळल्या. अज्ञातवासातली पत्रे उरली आहेत, पण टपाल फोडले जाईल या धास्तीने त्यांत टोपणनावे वापरलेली आहेत. कोणते नाव कोणाचे, हे आधी लावून घेतल्याशिवाय ती वाचता येत नाहीत.